कुणाचाच नसलेला समारंभ

‘बारसं’ हा शब्द घरात कुणी उच्चारायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. ‘नामकरण विधी’ तर नाहीच नाही. पद्मनाभांचं, म्हणजे अश्लेषाच्या बाबांचं, म्हणणं, विधी म्हटलं की भटजी आलाच. शेवटी ‘नाव ठेवण्याचा कार्यक्रम’ यावर एकमत झालं. एकमेकांना नावं ठेवण्यात दोन्हीकडची मंडळी किती पटाईत आहेत हे अश्लेषाला पुरतं ठाऊक होतं, त्यामुळे बाळाला पाजता पाजता तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. बाळंतपणानंतर झोप अशी झालेलीच नव्हती, आणि झोप नसली की तिला कशाचंही हसू येई. सिंगापुरातल्या मरीन परेडच्या त्या फ्लॅटच्या खिडकीतून समुद्रात ताटकळत उभी असलेली मालवाहू जहाजं दिसत, ती बघूनही येई.

एका गोष्टीचं मात्र तिला हसू येत नव्हतं. धम्मानंदशी तिचं लग्न नगरला झालं, बौद्ध पद्धतीनं, आणि बाबा त्या लग्नाला आले नाहीत. ‘जिथे कुठलाही धर्म आहे तिथे मी बसत नाही,’ असं सांगून ते पुण्यात घरी राहिले. आता बाबा सख्ख्या भावाच्या सत्यनारायणालाही कधी गेले नव्हते, आणि आईचे देव तर लग्नाच्या वर्षीच माळ्यावर गेले होते, हे खरंच. पण नगरच्या मांडवात ते कोण कुणाला समजावून सांगणार? पुण्याचे ब्राह्मण व्याही मुलीच्या लग्नाला आले नाहीत, एवढंच तिथे सगळ्यांना दिसलं. सासूबाई, म्हणजे लीलाबाई, त्यावर एका शब्दानं बोलल्या नाहीत. ते न बोलणं अश्लेषा तेव्हापासून ऐकत आली होती. म्हणून या वेळी तिनं आईला बजावून ठेवलं, ‘या कार्यक्रमातून बाबा उठून गेले ना, तर मी त्यांना पुन्हा कधी बोलावणार नाही. सांग त्यांना.’

दमयंतीबाईंनी सांगितलं. आणि म्हणूनच पद्मनाभांनी कार्यक्रम स्वतःच्या ताब्यात घेतला.

‘पद्धत सोपी आहे,’ ते जेवणाच्या टेबलाच्या टोकाला बसून म्हणाले. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवल्यामुळे कुठलंही भांडण वजाबाकीनं सुटतं अशी त्यांची समजूत होती. ‘आमच्याकडचं जे असेल ते विहीणबाईंनी खोडायचं. त्यांच्याकडचं मी खोडेन. उरेल ते कुणाचंच नाही, म्हणजे सगळ्यांचं.’

‘उरेल काय पण?’ धम्मानंदनं विचारलं. तो चांगी बिझनेस पार्कातून दिवसभराच्या मिटिंगा आटपून आला होता. उरेल ते त्याला चालणार होतं.

लीलाबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. नगरच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई, खोडण्याचा हात चांगला बसलेला. ‘पाळणा नको,’ त्या म्हणाल्या. ‘पाळणा आला की गाणी आली, गाणी आली की राम-कृष्ण आले.’

‘मान्य. भन्तेजीही नकोत.’

‘ठीक. पंचांग बघून दिवस नको.’

‘अर्थात! आणि पौर्णिमाही नको. रविवार ठेवू. रविवार कुणाच्या बापाचा नाही.’

समई गेली, तशी बुद्धमूर्तीपुढची वंदनाही गेली. ‘साधी मेणबत्ती लावू,’ पद्मनाभ म्हणाले, ‘वीज गेल्यावर लावतात ती. मूर्ती नाही, फोटो नाही.’ पैठण्या गेल्या आणि सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे ठरले. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, हेही गेलं. कानात कुजबुजणं पद्मनाभांना मंत्र दिल्यासारखं वाटत होतं. ‘जान्हवीनं बाळाला हातात घेऊन सगळ्यांसमोर मोठ्यानं नाव सांगावं. आणि लगेच वचन द्यावं की मी या मुलाची आयुष्यभर काळजी घेईन, याला नीट माणूस करीन. आत्या नुसती कानाशी लागून मोकळी होते, हे मला कधी पटलंच नाही.’

धम्मानंदची बहीण जान्हवी इथल्याच विद्यापीठात पोस्टडॉक करत होती. तिनं दोन्ही हात वर केले. ‘डन! वचन देते. डायपर सोडून.’

राहता राहिलं कपाळ. दमयंतीबाई तोवर गप्प होत्या, पण इथे त्यांना राहवेना. ‘अहो, बाळाचं कपाळ अगदी मोकळं? बोट तरी टेकवू द्या हो.’

‘कुंकू नको, हळद नको,’ लीलाबाई म्हणाल्या.

‘मग नुसतं पाणी लावा,’ धम्मानंद जांभई देत म्हणाला.

‘वा!’ पद्मनाभांनी टेबलावर थाप मारली. ‘पाणी! गंगाजल नाही, काही नाही, सिंगापूरच्या नळाचं पाणी. एकदा आमच्याकडून, एकदा तुमच्याकडून आणि एकदा आईबापांकडून. तीनदा.’

लीलाबाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

त्यांचं लहानपण नगरला मिशनच्या कंपाउंडाला लागून असलेल्या घरात गेलं होतं. मैत्रिणीच्या धाकट्या भावाला रविवारी पांढरा झगा घालून त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेलं होतं आणि पाळकांनी त्याच्या कपाळावर तीनदा पाणी घातलं होतं. तो असा काही किंचाळला होता की लीलाबाईंना अजून आठवत होतं. त्यांनी टेबलाभोवती एकेका तोंडाकडे पाहिलं. कुणाच्या काही ध्यानात आलेलं दिसेना. हा अख्खा बाप्तिस्मा आहे, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग त्यांना दुसरंच काहीतरी सुचलं आणि त्या म्हणाल्या, ‘पाणी कोमट असू द्या.’

दुसऱ्या दिवशी जान्हवी लिटिल इंडियातल्या रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानातून बाळाचा पोशाख घेऊन आली. पायाखाली हातभर लोंबणारा पांढरा सॅटिनचा झगा, कडेला लेस आणि छातीवर चंदेरी दोऱ्यानं काढलेली फुली. पद्मनाभांनी चष्मा वर सरकवून ती फुली पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘बेरजेचं चिन्ह! मुलाच्या पहिल्या कपड्यावर गणित. शाब्बास, जान्हवी.’

लीलाबाई घाईघाईनं बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिल्या.

रविवारी सकाळी दमयंतीबाई स्वयंपाकघरात पाणी कोमट करत उभ्या होत्या आणि नकळत एक चाल गुणगुणत होत्या. लीलाबाई काचेचं वाडगं घ्यायला आत आल्या आणि दारातच थांबल्या.

‘विहीणबाई, ही चाल तुम्हाला कुठून?’

‘कोणती? अगबाई, मी गात होते?’ दमयंतीबाई ओशाळल्या. ‘शाळेतली. कॉन्व्हेंटात होते ना मी, कॅम्पातल्या. रोज सकाळी म्हणायचो. तुम्हाला कुठून?’

‘आमच्या शेजारच्या कंपाउंडात हीच होती. शब्द मराठी.’

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दमयंतीबाईंनी ओट्यावरच्या वाडग्याकडे पाहिलं आणि हलकेच विचारलं, ‘म्हणजे तुम्हाला माहिताय?’

‘पाण्यापासून. तुम्हाला?’

‘मेणबत्तीपासून,’ दमयंतीबाई म्हणाल्या, आणि तिथेच तांदळाच्या डब्यावर बसल्या. पदर तोंडात कोंबूनही आवाज बाहेर येत होता. लीलाबाई ओट्याला धरून वाकल्या. दोन पोक्त बायका, आजच्या आज्या, शाळकरी पोरींसारख्या खिदळत होत्या. एक थांबली की दुसरी ‘बेरजेचं चिन्ह’ म्हणायची आणि पुन्हा सुरू.

‘अहो, पण तुम्ही बोलला का नाहीत?’ लीलाबाईंनी डोळे पुसत विचारलं.

‘का बोलू? चाळीस वर्षं हा माणूस माझे सण सुधारतोय. संक्रांतीला तिळगुळाऐवजी व्याख्यान. माझी गौर त्यांनी माळ्यावर चढवली. म्हटलं, एकदा तरी यांना यांच्या हातानं पूर्ण धर्मकार्य करू दे, अगदी शास्त्रोक्त!’ पुन्हा हसण्याची उबळ. ‘आणि तुम्ही?’

लीलाबाईंचं हसू ओसरलं. ‘मला बघायचं होतं. माझ्या बुद्धापुढे जो माणूस बसला नाही, तो येशूपुढे बसतो का.’

‘त्यांना कुठे माहिताय?’

‘म्हणून तर कळायला हवं. कळल्यावर काय करतात ते बघायचंय.’

दमयंतीबाई डब्यावरून उठल्या. ‘लीलाताई, कळलं तर ते उठतील. मी ओळखते त्यांना. आणि ते उठले तर आपली पोर त्यांना पुन्हा दारात उभं करायची नाही.’

‘तुमची पोर,’ लीलाबाई म्हणाल्या. मग लगेच, ‘आपली.’ आणि दोघींनी मिळून पाणी वाडग्यात ओतलं, बोट घालून पाहिलं. कोमट होतं.

अकरा वाजता सगळे पांढऱ्या कपड्यांत हॉलमध्ये उभे राहिले. पद्मनाभ मेणबत्तीशेजारी. आजवर लोकांच्या समारंभांतून उठून जाण्यातच त्यांचा जन्म गेला होता आणि आता स्वतःचा समारंभ हाती आला होता. त्यांना इतका आनंद झाला होता की आवाज किंचित कापत होता. ‘मित्रहो,’ ते म्हणाले, ‘आज इथे देव नाही, धर्म नाही, पुरोहित नाही. फक्त माणसं आहेत.’ आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. दमयंतीबाईंनी मान खाली घातली. लीलाबाई छताकडे बघू लागल्या. अश्लेषाला वाटलं, दोन्ही आया भारावल्यात. तिलाही भरून आलं. बाबा इथे होते आणि कुठेही निघाले नव्हते.

पहिलं पाणी पद्मनाभांनीच लावलं. बाळानं डोळे उघडून त्यांच्याकडे रोखून पाहिलं. दुसरं लीलाबाईंनी लावलं, तेव्हा त्यांचे खांदे गदगदत होते. तिसरं धम्मानंद आणि अश्लेषानं एकाच बोटाच्या हिशेबानं, एकमेकांची बोटं धरून लावलं, आणि त्या धांदलीत थोडं जास्तच पडलं. बाळानं टाहो फोडला.

तो ऐकूनच बहुधा, कॉरिडॉरमधून शेजारच्या ऑन्टी क्लॅरिस आत आल्या. पिढ्यान् पिढ्या याच भागात राहिलेलं युरेशियन कुटुंब त्यांचं. अश्लेषाच्या बाळंतपणात रोज सूप करून आणणारी बाई. आज त्यांच्या हातात मोठा केक होता. दारातच त्या थबकल्या. पांढरे कपडे, मेणबत्ती, लेसचा झगा, ओलं कपाळ. त्यांचे डोळे भरून आले.

‘वाऽ, यू ऑल नेव्हर टेल मी, आह!’ त्या ओरडल्या. ‘क्रिस्निंग! लकी आय ब्रॉट द सूजी केक. माय फॅमिली ऑल्सो, एव्हरी क्रिस्निंग मस्ट हॅव सूजी केक, लाह!’ केक टेबलावर ठेवून त्यांनी पद्मनाभांचा हात दोन्ही हातांत धरला. ‘सो ब्यूटिफुल, अंकल. विच चर्च?’

‘सॉरी?’ पद्मनाभ म्हणाले.

‘द गॉडमदर इज हू? यू, जान्हवी? ऐय्या, व्हाइट ड्रेस, सो नाइस.’

जान्हवीनं स्वतःच्या पांढऱ्या ड्रेसकडे पाहिलं, मग मेणबत्तीकडे, मग झग्यावरच्या फुलीकडे. ‘ओ माय गॉड,’ ती म्हणाली, आणि खुर्चीत कोसळून हसायला लागली.

क्रिस्निंग म्हणजे बाप्तिस्मा! पद्मनाभांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली. रविवार, पांढरं, मेणबत्ती, वचन, पाणी, तेही तीनदा. वजाबाकी बिनचूक होती. आमचं गेलं होतं आणि त्यांचंही गेलं होतं, फक्त तिसऱ्या कुणाचं खोडायला टेबलावर कुणी नव्हतं. आणि रविवार कुणाच्या बापाचा नाही, असं आपण म्हणालो होतो. त्यांचे कान लाल झाले.

‘दमयंती,’ ते म्हणाले, ‘तुला माहीत होतं?’

दमयंतीबाईंनी तोंडात पुन्हा पदर कोंबला होता. धम्मानंद भिंतीकडे तोंड करून हसत होता. हसता हसता अश्लेषाचं लक्ष बाबांच्या पायांकडे गेलं. ते दाराच्या दिशेनं वळलेले होते. ती चटकन पुढे झाली.

‘बाबा, प्लीज. चुकून झालंय. बसा.’

पद्मनाभ घुटमळले. आणि खरोखर, ते बसायलाच लागले होते, तेवढ्यात लीलाबाई पुढे आल्या.

‘पद्मनाभराव, उठा.’

सगळ्यांचं हसू एकदम थांबलं.

‘जिथे धर्म आहे तिथे तुम्ही बसत नाही,’ लीलाबाई शांतपणे म्हणाल्या. ‘आमच्या धम्मूच्या लग्नात बसला नाहीत. आज इथे धर्म निघाला. मग उठा. तुम्ही गेलात तर मला बरं वाटेल. कळेल, की तेव्हाही तुम्हाला धर्मच नको होता. माणसं नको होती असं नाही.’

‘आई, असं नका ना,’ अश्लेषा सासूबाईंना म्हणाली. आता तिला रडू येत होतं. बाबा राहिले तर सासूबाईंना जे वाटत होतं ते कायमचं खरं ठरणार होतं, आणि गेले तर ती स्वतः दिलेल्या शब्दात अडकणार होती. तिनं आईकडे पाहिलं. दमयंतीबाईंनी फक्त मान हलवली. कुणाच्या बाजूनं, ते कळलं नाही.

पद्मनाभांनी लेकीकडे पाहिलं, विहीणबाईंकडे पाहिलं, आणि ते निघाले. घाईत त्यांनी दारातल्या दमयंतीबाईंच्याच चपला पायात सरकवल्या. दार बंद झालं.

‘अंकल ओके ऑर नॉट?’ ऑन्टी क्लॅरिसनी हळूच विचारलं.

‘ही इज प्रूव्हिंग समथिंग, ऑन्टी,’ धम्मानंद म्हणाला.

‘नाऊ? ड्युरिंग क्रिस्निंग?’

यावर पहिलं कोण फुटलं ते सांगता येणार नाही, पण अश्लेषाही रडता रडता हसू लागली. लीलाबाईंनी तेवढ्यात तिच्या हातून बाळ घेतलं आणि त्या बाहेर पडल्या.

पद्मनाभ लिफ्टपाशी कठड्याला टेकून उभे होते. टाचा बायकोच्या चपलांच्या बाहेर आलेल्या. खाली पोहण्याचा तलाव, पलीकडे झाडं आणि झाडांपलीकडे ती जहाजं.

‘आले हं मी,’ लीलाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा कितीतरी मोकळा झाला होता. ‘पद्मनाभराव, माझं चुकलं. इतकी वर्षं मी मनात भलतंच धरून बसले होते. शब्दाला पक्के आहात तुम्ही.’

पद्मनाभांना वाटलं, आता मान हलवावी आणि आत जावं. सगळं छान होईल. लेक खूश, विहीणबाई खूश, केक वाट बघतोय. त्यांनी मान हलवायला सुरुवातही केली.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘मी धर्म आहे म्हणून नाही उठलो.’

‘मग?’

‘तुम्ही म्हणालात म्हणून उठलो. मला बसायचं होतं. मेणबत्ती कुणाची, पाणी कुणाचं, मला त्याचं काही वाटलं नाही. नातवाच्या डोक्यावर पाणी घातलं आणि मला इतकं बरं वाटलं, म्हटलं, असू दे येशूचं.’

लीलाबाई थोपटत राहिल्या. बाळ हुंदके देत त्यांच्या खांद्यावर गप्प झालं होतं. ‘आणि लग्नाच्या वेळी?’

‘तेव्हा बसायचं नव्हतं,’ पद्मनाभ म्हणाले.

हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. तत्त्व होतं, हातात तयार होतं, म्हणून पुढे काही बघावंच लागलं नव्हतं. आता त्यांना लीलाबाईंकडे बघवेना.

लिफ्ट आली, उघडली, कुणीच आत गेलं नाही म्हणून मिटून खाली गेली.

‘मला माहीत होतं,’ लीलाबाई म्हणाल्या. आवाज जरा बसला होता. ‘मांडवात उभी होते तेव्हाच माहीत होतं. तुम्ही कधी बोलाल असं मात्र वाटलं नव्हतं.’ त्यांनी बाळ त्यांच्यापुढे धरलं. ‘घ्या याला. माझे हात भरून आलेत. आणि ऐका. मी आत जाऊन त्रिशरण-पंचशील म्हणणार आहे. लग्नात म्हटलं तेच. आज मी कुणाला काही खोडू देणार नाही. या, नाहीतर नका येऊ.’

त्या वळून आत गेल्या.

हॉलमध्ये लीलाबाईंनी जाहीर केलं तशी दमयंतीबाई ताडकन उठल्या, ‘मग माझा पाळणाही होऊन जाऊ दे!’ पाळणा नव्हता. धम्मानंद आणि जान्हवीनं चादरीची दोन टोकं धरली. ‘अरे, पण बाळ कुठंय?’ कुणीतरी विचारलं. ऑन्टी क्लॅरिसनी केक कापायला घेतला, तो रव्याचा निघाला आणि दमयंतीबाई हरखल्या, ‘म्हणजे आपला शिराच की!’ सगळेच एकदम बोलत होते, त्यामुळे दार उघडल्याचं कुणाला कळलं नाही. अश्लेषानं पाहिलं. बाबा बाळाला घेऊन आत आले होते, आईच्या चपला त्यांनी दारात नीट जोडून काढल्या, आणि भिंतीशी जागा बघून ते जमिनीवर मांडी घालून बसले. ती जाऊन त्यांना खेटून बसली.

जान्हवीनं मोठ्यानं नाव सांगितलं, ‘तन्मय!’ ऑन्टी क्लॅरिस ‘आमेन’ म्हणाल्या. दमयंतीबाईंनी रिकामी चादर हलवत पाळणा म्हटला, निम्मे शब्द विसरून. मग लीलाबाईंनी हात जोडले, डोळे मिटले, आणि शाळेच्या प्रार्थनेला लावत तसा खणखणीत आवाज लावला. ‘बुद्धं सरणं गच्छामि.’ धम्मानंदनं हात जोडले, जान्हवीनं जोडले, अश्लेषानं जोडले. दमयंतीबाईंनी पाहिलं, तर नवराही बसला होता, मान खाली, हलत नव्हता. हात जोडावेत की नाही हा प्रश्न पद्मनाभांना पडलाच नाही. दोन्ही हातांत नातू होता.